टेबलामागचा वायरींचा गुंता: सोलापुरातल्या घरासाठी कोणता उपाय निवडावा?

घरात संगणक नवा मांडला तेव्हा टेबलामागे चार-पाच वायरी असतात. पुढे राउटर येतो, प्रिंटर येतो, स्पीकर आणि यूपीएस येतात आणि बघता बघता तिथे हात घालायलाही जागा उरत नाही. या गुंत्यावर बाजारात अनेक उपाय मिळतात, पण ते सगळे इथल्या घरांना सारखेच मानवत नाहीत. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो आणि पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या घरात सुताचा बारीक तंतू रोज येऊन बसतो. म्हणून खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: वस्तू उन्हाळ्यात टिकेल का, मागची जागा झाडता-पुसता येईल का, आणि एखादी वायर बदलायची झाली तर बाकीच्या न सोडवता ती काढता येईल का. माझ्या मते यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण सोडवायला अवघड असलेली बांधणी पहिल्याच बदलात कापली जाते आणि मग पुन्हा कोणी बांधत नाही.

वायरी एकत्र बांधण्यासाठी बहुतेक जण नायलॉनचे केबल टाय आणतात. ते स्वस्त असतात, कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात आणि घट्ट बसतात. मात्र हा घट्टपणाच त्यांचा दोषही ठरतो. एकदा ओढलेला साधा टाय पुन्हा सैल होत नाही, तो कापावाच लागतो, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात कापताना कात्रीचे टोक शेजारच्या लॅन (राउटरपासून येणाऱ्या इंटरनेटच्या) केबलच्या आवरणात सहज रुतते. शिवाय कोरड्या उष्ण हवेत नायलॉनमधला ओलावा निघून गेला की ते ठिसूळ होते. पश्चिमेच्या खिडकीजवळचा पांढरा टाय दोन उन्हाळ्यांनंतर पिवळट पडतो आणि बोटाने वाकवताच कट्‌कन तुटतो. टायच वापरायचा असेल तर काळा घ्यावा, कारण तो उन्हाला तुलनेने अधिक टिकतो, आणि वायरीभोवती बोटाचे टोक फिरेल इतका सैल ठेवावा.

वेल्क्रोची पट्टी यापेक्षा महाग पडते, पण हवी तेव्हा उघडता येते आणि वायरीचे आवरण दाबत नाही. तिचा एक दोष मात्र इथे प्रकर्षाने जाणवतो. तिच्या बारीक हुकांसारख्या आकड्यांमध्ये सुताचे तंतू आणि केस अडकतात आणि कालांतराने पकड कमी होते. जुन्या टूथब्रशने आकडे उलट्या दिशेने घासले की तंतूंचा पुंजका निघून येतो आणि पट्टी पुन्हा धरू लागते. एवढी काळजी घेण्याची तयारी असेल तर टाय आणि वेल्क्रो यांमध्ये मी निःसंकोच वेल्क्रो निवडेन. प्लास्टिकचे स्पायरल वेटोळे दिसायला नीटस असते आणि त्यातून मध्येच एखादी वायर बाहेर काढता येते, परंतु त्याच्या फटींमध्ये धूळ बसते आणि ती कापडाने पुसली जात नाही. टेबलापासून जमिनीपर्यंतच्या दिसणाऱ्या भागापुरतेच ते ठीक आहे.

भिंतीवरून वायर न्यायची असेल तर निवड केसिंग पट्टी (वायर आत ठेवायची झाकणाची पोकळ पट्टी) आणि चिकटणाऱ्या क्लिपा यांमध्ये करावी लागते. स्वतःचे घर असेल तर वायरमनकडून ड्रिल करून स्क्रूने बसवलेली पीव्हीसीची केसिंग पट्टी हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे, कारण तिचे झाकण काढून पुढे कधीही वायर बदलता येते. वीजपुरवठ्याची आणि लॅनची वायर यांसाठी वेगवेगळ्या पट्ट्या घ्याव्यात, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे काटकोनात न्याव्यात. कॅट ६ या प्रकारच्या लॅन केबलचे वळण तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा, म्हणजे सुमारे २५ मिलीमीटरपेक्षा, लहान होऊ देऊ नये; ब्रॉडबँडची फायबर वायर तर कोपऱ्यात दुमडून झाकणाखाली कधीच दाबू नये. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडणे मालकाला चालणार नसेल, तर क्लिपा हाच पर्याय उरतो. डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर त्या टिकत नाहीत, उन्हाळ्यात गोंद मऊ होऊन रंगाच्या पापुद्र्यासह खाली येतात. त्या भिंतीऐवजी टेबलाच्या सनमायका लावलेल्या कडेला, जागा आधी स्पिरिटने पुसून, चिकटवाव्यात.

खरा निर्णय एक्स्टेंशन बोर्डाबाबत घ्यायचा असतो, कारण सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. बोर्ड आणि अडॅप्टर आत लपवणारे झाकणाचे डबे अलीकडे खूप विकले जातात, आणि लहान मुले असलेल्या घरात त्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. अनेक अडॅप्टरांसाठी भोवतालच्या हवेचे ४० अंश तापमान ही कमाल मर्यादा असते. मे महिन्यात बंद खोलीतली हवाच त्या मर्यादेला टेकते, आणि डब्यात तीन अडॅप्टर व गुंडाळून ठेवलेली जादा वायर असेल तर आतली उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही.

याच्या तुलनेत टेबलाखाली बसवायचा जाळीचा ट्रे कितीतरी सरस आहे. हवा खेळती राहते, बोर्ड जमिनीवरून उचलला जातो, ओली फरशी पुसताना पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही आणि शेजारच्या कूलरचे पाणी सांडले तरी धोका टळतो. साधारण १८ मिलीमीटर जाडीच्या प्लायवूडच्या टेबलाला स्क्रूचा ट्रे लावता येतो, फक्त स्क्रू १५ मिलीमीटरपेक्षा लांब नसावा. काचेच्या किंवा घडीच्या टेबलाला शिकंज्याने (क्लॅम्पने) कड धरणारा ट्रे घ्यावा. लोखंडी ट्रेच्या कडा हाताने चाचपून पाहाव्यात. धारदार कड असेल तर तिथे रबराची पट्टी बसवल्याशिवाय वायर टेकवू नये. यूपीएस ट्रेमध्ये ठेवू नये, तो जड असतो आणि त्यातली बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते. भिंतीपासून वीतभर दूर, बुटक्या स्टुलावर ठेवलेला बरा.

बोर्डावरचा भारही याच वेळी तपासावा. ६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टवर सुमारे १,३८० वॅट पेलतो. संगणक आणि मॉनिटर मिळून साधारणपणे त्यापेक्षा पुष्कळ कमी वीज घेतात, मात्र लेझर प्रिंटर गरम होताना क्षणभर हजार वॅटच्या आसपास जाऊ शकतो. त्याला भिंतीवरचा स्वतंत्र प्लग द्यावा, यूपीएसवर तर मुळीच जोडू नये.

वायरीच कमी करणे हा उपाय लॅपटॉप असणाऱ्यांना अधिक लागू पडतो. यूएसबी टाइप-सी पोर्ट असलेला मॉनिटर घेतला तर चित्र, डेटा आणि चार्जिंग एकाच वायरीतून जाते, पण लॅपटॉपचे टाइप-सी पोर्ट चित्र पाठवणारे आहे का आणि मॉनिटर लॅपटॉपला पुरेल इतके वॅट देतो का, हे आधी पाहणे आवश्यक आहे. साध्या डेस्कटॉपला याचा फारसा फायदा नाही. तिथे बिनवायरीचा कीबोर्ड आणि माउस एवढ्यानेच टेबलाचा पुढचा भाग मोकळा होतो.

जुळे सोलापुरात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याने वेल्क्रो, शिकंज्याचा ट्रे आणि टेबलाच्या कडेच्या क्लिपा एवढेच घ्यावे, कारण घर बदलताना हे सगळे सोबत नेता येते. स्वतःच्या घरात कायमची जागा ठरलेली असेल तर केसिंग पट्टी आणि स्क्रूचा ट्रे यांवर खर्च करावा. टॉवेल-चादरींची डिझाइन घरून करणाऱ्यांसारखे ज्यांचे काम संगणकावरच चालते, त्यांनी याशिवाय प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून नाव लिहावे, म्हणजे काम चालू असताना चुकीचा प्लग ओढला जाणार नाही. बांधणी करण्यापूर्वी टेबल भिंतीपासून दीड फूट पुढे ओढून पाहावे आणि कोणतीही वायर ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवूनच पहिली पट्टी आवळावी.