नऊ महिने वापरल्यावर: डिटेक्टर निर्दोष निघाला, तक्रार आहे ती पॅनेलची

दोन महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. आज चार देतेय. पाचवा ज्या गोष्टीसाठी राखून ठेवलाय, तिने माझ्या दीड महिन्याच्या झोपेचं खोबरं केलं.

घरात चार वायरलेस स्मोक डिटेक्टर (धूर झाला की वाजणारे) आहेत, आणि त्यांचे सिग्नल घेणारी एक मुख्य पेटी, म्हणजे पॅनेल. तीन कधीच कुरकुरले नाहीत. चौथा आईच्या खोलीत. सहा महिने तोही गुण्यागोविंदाने चालला आणि मग एका रात्री तीनच्या सुमारास पॅनेल बीप करू लागलं: ‘संपर्क तुटला’. उठले, स्टोअररूममधून शिडी काढली, वर चढून टेस्टचं बटण दाबलं. डिटेक्टर वाजला, पॅनेलवर हिरवी खूण आली. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा तीनच्याच आसपास. आई रात्री कानाचं मशीन काढून झोपते. तिच्या खोलीत धूर झाला तर आमच्या खोलीतला सायरन वाजायलाच हवा, म्हणून ही जोडणी आमच्यासाठी इतकी महत्त्वाची.

पहिला संशय बॅटरीवर. 3 व्होल्टची सीआर123ए लिथियम. सर्व्हिसवाल्याने मल्टिमीटर लावला, बरोबर 3 व्होल्ट दाखवले आणि ‘बॅटरी ठणठणीत’ म्हणून निघून गेला. पण एवढ्यावर भागत नाही. थकलेली लिथियम बॅटरी नुसती मोजली तर पूर्ण व्होल्टेज दाखवू शकते. सिग्नल पाठवताना क्षणभर जास्त करंट लागतो, तेव्हा ती मान टाकते. म्हणून मी नवीच घातली. जुनी काढल्यावर टेस्टचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो, आणि मगच नवी बसवली. डिटेक्टर बेसवर खुणेला खूण जुळवून फिरवला, कारण तो अर्धवट बसला तरी टॅम्परची, म्हणजे कोणीतरी तो काढल्याची, तक्रार येते.

तिसऱ्या रात्री पुन्हा बीप.

मग कंपनीशी भांडण. पंधरा दिवस फोन केल्यावर वॉरंटीत डिटेक्टर बदलून दिला. नवा पेअर केला, जुन्याची नोंद पॅनेलमधून काढून टाकली. तोही आठवड्याच्या आत तुटला. आता म्हणाले, रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) विकत घ्या. सहा महिने जे रिपीटरशिवाय चाललं, त्याला आत्ताच कशाला लागतो, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मी पैसे द्यायला साफ नकार दिला.

उत्तर मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत सापडलं. डिटेक्टर साधारण तासाला एकदा पॅनेलला हजेरी देतो. पॅनेल मात्र एखादी हजेरी चुकली म्हणून ओरडत नाही. आमच्याकडे सलग 12 तास काही आलं नाही, की मग बीप करतं. म्हणजे रात्री तीनला वाजणारा बीप दुपारी तीनच्या आसपासची बातमी देत होता! आणि मी रात्री शोधत बसले होते.

दुपारी तीनला काय होतं? साफसफाई. झाडू-बादली काढायला स्टोअररूम उघडते, आणि ते दार बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच उघडं राहतं. वाळवीने जुनं लाकडी दार खाल्लं म्हणून तिथे पत्र्याचं दार बसवलंय. ते उघडलं की बरोबर पॅनेल आणि आईच्या खोलीच्या मधे पॅसेजमध्ये आडवं येतं. रात्री शिडी काढल्यावर मी सवयीने दार लावून घ्यायची, म्हणून माझी प्रत्येक टेस्ट पास!

त्याच संध्याकाळी दार सताड उघडं ठेवलं आणि आईच्या खोलीतल्या स्टुलावर चढून बटण दाबलं. डिटेक्टर वाजला, पॅनेल गप्प. दार लावून पुन्हा दाबलं. हिरवी खूण. हे पाहिल्यावर डिटेक्टरवरचा माझा सगळा राग गेला.

रिपीटर घेतला नाही. हा डिटेक्टर 433 मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे लहरीची लांबी साधारण 70 सेंटीमीटर. भिंती आणि पत्र्यावरून उलटणाऱ्या लहरी कुठे एकमेकींना मारतात, कुठे बळ देतात. त्यामुळे जागा वीतभर सरकवली तरी फरक पडतो. छतावरच दोन विती खिडकीकडे सरकवला, कोपरा आणि पंखा सोडून. दार उघडं असतानाही सिग्नल एका काडीवरून तीन काड्यांवर गेला. तेव्हापासून सात आठवडे एकही बीप नाही.

आता तो पाचवा स्टार. ‘शेवटचा सिग्नल: दुपारी 2:50’ एवढी एक ओळ पॅनेलने दाखवली असती, तर पहिल्याच रात्री उलगडा झाला असता. वेळ पॅनेलकडे असणारच, त्याशिवाय ते 12 तास मोजणार कसं? मग दाखवत का नाही? डिटेक्टर स्वतः जागेवर वाजतो हे मान्य, पण जिला तो ऐकू येत नाही तिच्या खोलीची जोडणी 12 तास तुटलेली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. कंपनीला हे तीनदा लेखी कळवलंय. अपडेटमध्ये ती ओळ आली की पाचवा स्टार देईन.

तोवर दर महिन्याच्या एक तारखेला पॅनेल टेस्ट मोडवर टाकते, स्टोअररूमचं दार मुद्दाम उघडं ठेवते आणि चारही बटणं दाबते.