सांखळीची वॅगन-आर की कांदोळीची?

बजेट लाख-सव्वा लाखाचं असलं की गोव्यात जुन्या गाड्यांचे दोनच प्रकार समोर येतात. एक, यंत्राची बोंब असलेली पण अंगाने धडधाकट. दुसरी, चावी फिरवताच सुरू होणारी, एसी गार, सीट कव्हर नवी, आणि खालून कुजायला लागलेली. दोन्हीकडून चांगली असलेली गाडी या किमतीत निघालीच, तर ती बाहेर यायच्या आधी विकणाऱ्याच्या भावकीतच खपते.

माझ्यासमोर होत्या त्या दोन्ही २०१२ च्या वॅगन-आर. इंजिन तेच के-१०, किमतीतही फार अंतर नव्हतं. त्यामुळे मायलेज, डिकी, हेडरूम वगैरेत शिरत नाही. एक सांखळीची, जीए-०४ नंबरची. दुसरी समुद्रकाठच्या कांदोळीची, जीए-०३ नंबरची. मी सांखळीची घेतली. कांदोळीची पुढे माझ्या मेव्हण्याने घेतली, म्हणून दोघींचेही पावसाळे जवळून बघायला मिळाले.

सांखळीची गाडी खाणपट्ट्यात वाढलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या, तोवर खाणी चालू असतील तेव्हा ती खनिजाच्या ट्रकांच्या मागेपुढेच धावली होती. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत तळाला लाल माती बसलेली. पुढच्या चाकांना धरणाऱ्या लोअर आर्मची रबरी बुशं गेलेली, खड्ड्यात चाक गेलं की खडखडाट थेट पायाखाली. रेडिएटर खालच्या कडेने पाझरत होता. आणि क्लच तर संपलाच होता. आम्ही डिचोलीकडचे लोक पणजीला जाताना बऱ्याचदा चोडण-रायबंदर फेरीबोटीने जातो. गाडी मुद्दाम तिकडे नेली. बोटीतून उतरून रॅम्प चढताना इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी मुंगीच्या पावलाने वर सरकत होती. मागच्या बसवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही.

ऐकायला हे भयंकर वाटतं. पण यादी नीट बघितली तर प्रत्येक गोष्ट सुटी होणारी, बाजारात मिळणारी आणि एकदा बदलली की मिटणारी. या इंजिनाला ठराविक काळाने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून तो खर्चही नव्हता. क्लच सेट, रेडिएटर, दोन्ही लोअर आर्म, मजुरी धरून माझं काम पंचवीस हजारांच्या आत बसलं, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यायला बिघाडांनीच मदत केली. विकणारे काका स्वतःच एकेक दोष सांगत होते, हाही एक फायदा. यंत्राचा दोष लपवणं तसं कठीणच, गाडी चालवली की तो बोलतो.

कांदोळीची गाडी मात्र चालवायला लोणी. गिअर मऊ, स्टिअरिंग सरळ, कुठे आवाज नाही. घरातल्या सगळ्यांना तीच आवडली होती, आणि चालवण्यापुरतं बोलायचं तर मलाही. माझ्याबरोबर आलेल्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, बॉनेट उघडायच्या आधी खिशातून फ्रिजला लावतात तो लोहचुंबक काढला आणि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवत नेला. वर तो चिकटत होता. खाली चार बोटांच्या पट्ट्यात घसरून पडला. तिथे पत्रा नव्हताच, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला होता. मग त्याने पुढची मॅट आणि तिच्याखालचं कार्पेट उचलून स्क्रूड्रायव्हरची मूठ तळावर ठोकली. ड्रायव्हरच्या बाजूला टणटण, शेजारच्या बाजूला भद. "इंजिन उतरवून बाकावर ठेवता येतं," तो म्हणाला, "तळ कुठे ठेवणार?"

यात गाडीच्या कंपनीचा काही दोष नाही. समुद्राजवळ रात्रंदिवस उघड्यावर उभी राहिली की कोणत्याही गाडीचं हेच होतं. खारी हवा पत्र्यावर मीठ ठेवते, मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज थांबतच नाही. त्यात दारांच्या तळाशी पाणी निघून जायला जी बारीक भोकं असतात ती वाळूने बुजतात. मग दार आणि दाराखालची रनिंग बोर्डाची पोकळ पट्टी आतून सडत राहते. बाहेर रंगावर फोड दिसतो तेव्हा आतलं बरंच गेलेलं असतं.

पण गंज दिसतो म्हणून मी मागे फिरलो नाही. थोडा गंज गोव्यातल्या प्रत्येक जुन्या गाडीला असतो, माझ्याही आहे. माझा निर्णय पाण्याने केला. तळ असा गेला की गाडीत पाणी येतं, आणि तसंच झालं. मेव्हण्याने घेतल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात शेजारच्या सीटखाली कार्पेट चपचपीत झालं. बहीण ऑफिसला जाताना पायाखाली वर्तमानपत्र पसरून, चपला मांडीवर घेऊन बसायची. आत ओल म्हणून काचा धुकटतात, म्हणून एसी सतत चालू, आणि एसीतून येणारा तो कुबट वास कपड्यांना लागतो. पत्र्याचं काम करणाऱ्या टिंकरने तुकडा वेल्ड केला, वर काळं अंडरकोटिंग मारलं. पुढच्या पावसाळ्यात त्या तुकड्याच्या शेजारी नवीन भोक. वेल्डिंगला धरेल असा चांगला पत्रा आजूबाजूला उरलेलाच नव्हता. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस सुट्टी देत नाही, त्यामुळे हा त्रास अधूनमधून नाही, रोज सकाळचा आहे. इंजिन अजूनही उत्तम चालतं, हे मेव्हणा आवर्जून सांगतो. खरंच आहे ते.

कागदाचाही प्रश्न आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी कारला ५,००० रुपये झाली. म्हणजे २०१२ च्या गाडीला २०२७ मध्ये तपासणीला उभं राहायचं आहे. क्लच बदललेली गाडी घेऊन मी तिथे निवांत जाईन. तळाला ठिगळं लावलेल्या गाडीचं काय होईल ते तपासणाऱ्यावर.

तरी सगळ्यांनी सांखळीचीच घ्यावी असं मी म्हणणार नाही. पणजीत फ्लॅट, खाली छप्पर असलेलं पार्किंग, गाडी दोनेक वर्षांपुरतीच हवी आणि गॅरेजच्या चकरा मारायला वेळ नाही, अशा माणसाला कांदोळीची गाडी कदाचित बरी पडेल, फक्त किंमत तशी पाडून घ्यावी. उलट यंत्राच्या दोषातही दोन गोष्टी दिसल्या तर मीसुद्धा परत फिरलो असतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर असेल तर बहुधा कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. तिथे पंचवीस हजारांत भागत नाही.

बघायला जायचंच तर पाऊस पडून गेलेल्या सकाळी जा, आणि मालकाला आदल्या रात्री गाडी छपराखाली घेऊ नका म्हणून सांगू नका, तो नेमकी घेईल. इंजिन थंड असतानाच पोचा, म्हणजे पहिला धूर बघता येतो आणि रेडिएटरचं झाकण उघडता येतं. मग चारही सीटसमोर पायांजवळचं कार्पेट हाताने दाबून बघा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करायच्या आधी मेस्ताला गाडी एकदा वर उचलून तळ बघू द्या. मालक त्याला "कशाला उगाच" म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.