हिमाचलच्या मुलांसाठी म्हणून दिलेलं स्कीचं सामान कुठे गेलं

आम्ही डेन्वरच्या जवळ राहतो, अकरा वर्षं झाली. ज्यांची मुलं इथे वाढतायत त्यांना माहितीये, स्कीचं सामान दरवर्षी लहान होतं. मुलीचे बूट मागच्या डिसेंबरात साडेबावीस साइजचे घेतले, या ऑक्टोबरात पाय जाईना. स्की हनुवटी ते नाकाएवढ्या उंचीचे लागतात, त्यामुळे तेही गेले. चार सीझनचं सामान गराजमध्ये साठलेलं आणि टाकून द्यायला जीव होत नव्हता, कारण प्रत्येक जोडी आम्ही विचार करून घेतलेली.

अशात आमच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी एक मेसेज फॉरवर्ड केला. एक माणूस वापरलेलं स्कीचं सामान गोळा करून हिमाचल आणि किरगिझस्तानमधल्या गरीब मुलांना पाठवतो, सोबत फोटो, बर्फात उभी असलेली चारपाच मुलं, पायाला हाताने बनवलेल्या लाकडी पट्ट्या बांधलेल्या. खाली आंचल ठाकूरचं नाव. मनालीजवळच्या या मुलीने २०१८ मध्ये तुर्कस्तानात ब्रॉन्झ मिळवलं होतं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय मेडल. ते खरंच आहे, आणि आता वाटतं की खऱ्या गोष्टीला चिकटवून दिलं की बाकीचंही खरं वाटायला लागतं.

मला ते जास्तच भिडलं कारण लग्नानंतर आम्ही मनालीला गेलो होतो. सोलंगच्या रस्त्यावर भाड्याचे लांब कोट आणि गमबूट घालून आम्ही पर्यटक घसरत होतो आणि तिथली पोरं दहा मिनिटांच्या पैशांसाठी आमचे स्की उचलून मागे मागे चालत होती. ती मुलं डोक्यात राहिली होती. मी त्या माणसाला फोन केला.

बोलायला इतका चांगला. हिंदीत सुरुवात, मग म्हणाला मी पुण्यात चार वर्षं होतो आणि मोडकं मराठी बोलायला लागला. दुसऱ्या वाक्याला ताई. मी विचारायच्या आधीच टॅक्स नंबर असलेली पीडीएफ पाठवली. सामान फुकट घेतो पण कंटेनरमधली जागा विकत घ्यावी लागते, म्हणून एका खोक्यामागे पंचेचाळीस डॉलर. मला हे रास्तच वाटलं, माल समुद्रातून जाणार तर भाडं लागणारच.

मग मी कामाला लागले. सहा घरांतून सामान जमवलं, शनिवार रविवार खोकी भरली, हेल्मेट पुसून घेतली, मुलांनी चिठ्ठ्या लिहून बुटांत घातल्या. सव्वीस खोकी झाली, म्हणजे अकराशे सत्तर डॉलर. सगळ्यांनी पैसे मला दिले आणि मी एकरकमी झेलने (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवले. तो व्हॅन घेऊन आला, स्वतः उचलून खोकी ठेवली, चहा घेतला आणि मुलीला म्हणाला, तुझे स्की घालून कोणीतरी ऑलिंपिकला जाईल.

आता मुद्द्याचं सांगते. त्या माणसाने आमच्याकडच्या एकाही वस्तूला नको म्हटलं नाही.

आमच्या ओळखीतले एक काका इथल्या टेकडीवर रेंटल शॉपमध्ये टेक्निशियन आहेत. सगळं झाल्यावर त्यांना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, अगं मुलांचं स्की सामान म्हणजे जुने कपडे नव्हेत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, बुटाच्या तळव्याच्या लांबीवर आणि मुलाच्या वजन, उंची, वयावर सेट करावं लागतं, पडल्यावर ते सुटलं नाही तर पाय मोडतो. कंपन्या जुन्या बाइंडिंगची जबाबदारी घेणं बंद करतात, मग इथली दुकानं त्यांना हातसुद्धा लावत नाहीत. बुटाचं प्लास्टिक नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं आणि एक दिवस थंडीत तडकतं. जोरात आपटलेलं हेल्मेट कोणाला द्यायचंच नसतं. जो खरंच मुलांना डोंगरावर नेतो तो आधी विचारतो बूट किती जुने, बाइंडिंग कुठल्या वर्षाचं, तिकडे सेट करायला कोण आहे, आणि निम्मं सामान परत करतो. त्या सव्वीस खोक्यांत एका घरचे पंधरा वर्षांपूर्वीचे बूटही होते, आणि तो म्हणाला सब चलेगा ताई.

मग फोटो आले, बर्फाचे, ट्रकचे, मुलांचे, पण आमचं एकही खोकं नाही. मी विचारलं की तो म्हणे कस्टममध्ये अडकलंय, आणखी तीनशे पाठवा. तेव्हा कुठे मी न्हावाशेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगचं काम करणाऱ्या माझ्या मामेभावाला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ताई, लायसन्स कोणाच्या नावावर आहे? मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, वापरलेलं सामान असं खोक्यांनी भारतात आणायचं तर डीजीएफटीची, म्हणजे सरकारच्या परदेश व्यापार खात्याची, परवानगी लागते, घेणारी संस्था कोण, कोणत्या बंदरात उतरणार, कागद कोणाचे, यातलं काहीच तुझ्याकडे नाही तर अडकलंय काय?

त्या रात्री मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या, साइटवर टॅक्स एग्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्च आहे, तिथे दान घेणारी संस्था खरी आहे का ते बघता येतं, फुकट आहे. पीडीएफमधला नंबर दुसऱ्याच राज्यातल्या एका चर्चचा निघाला. मग तो पहिला फोटो इमेज सर्चमध्ये टाकला. तो हिमाचलचा नव्हताच, अफगाणिस्तानातल्या बामियानचा होता, जिथे २००१ मध्ये बुद्धाच्या मूर्ती फोडल्या. तिथली मुलं खरंच लाकडाचे स्की बनवून घसरत होती. नीट बघितलं असतं तर कळलं असतं, सोलंगला मागे देवदार दिसतात आणि या फोटोत नुसते उघडे तपकिरी डोंगर. त्या मुलांना तर माहीतही नसेल की त्यांचा चेहरा दाखवून कोणीतरी पैसे गोळा करतंय, मला याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

आणि मग मुलीलाच तिचे स्की दिसले. वापरलेल्या सामानाच्या विक्रीत, आमच्यापासून तासाभरावर, एकशे ऐंशी डॉलरला. तिने त्यांच्यावर पांढऱ्या मार्करने वारली माणसं काढली होती, गोल फेर धरून नाचणारी. विकणाऱ्या बाईंना फोन केला तर त्या बिचाऱ्या म्हणाल्या, आम्ही एका माणसाकडून अख्खा लॉट घेतला. बुटात चिठ्ठी होती का विचारलं, म्हणाल्या हो, टाकून दिली.

बँकेने पैसे परत मिळणार नाहीत म्हणून सांगितलं, कारण झेल मी स्वतःच केलं होतं, कोणी अकाउंट हॅक केलं नव्हतं. क्रेडिट कार्ड असतं तर निदान भांडता आलं असतं. पोलिसांत रिपोर्ट दिला, एफटीसीच्या (फसवणुकीच्या तक्रारी घेणारं इथलं सरकारी खातं) साइटवर आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार केली. टॅक्समध्ये दान दाखवायचा तर प्रश्नच उरला नाही, अडीचशेच्या वरच्या देणगीला खऱ्या संस्थेची लेखी पोच लागते. बाकी पाच घरांना मी पैसे परत द्यायला गेले, दोघांनी घेतले, तिघांनी घेतले नाहीत आणि ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्याशी बोलताना मला अजून अवघडतं, कारण त्या माणसाला ते ओळखत नव्हते, माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी दिलं होतं.

उरलेलं सामान काकांनी तपासून दिलं, तीन जोड्या चांगल्या निघाल्या, त्या इथल्याच शाळेतल्या मुलांना दिल्या.

हे सगळं आत्ता लिहितेय कारण परवा सॉल्ट लेक सिटीच्या मैत्रिणीने तोच फोटो पाठवून विचारलं, हे लोक चांगले आहेत का गं. नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, हिमाचलच्या जागी आता नेपाळ लिहिलंय. खोक्याचा भाव साठ डॉलर झालाय. तुमच्या ग्रुपवर आला असेल तर कृपा करून पुढे ढकलू नका, आणि खोकी देऊन झाली असतील तर आजच पोलिसांत जा, आमचा लॉट विकला जायला तीन आठवडेसुद्धा लागले नव्हते.