कंपाउंड धनुष्यासाठी लेझर रेंजफाइंडर: कोणता घ्यावा आणि त्याचं कुठपर्यंत ऐकावं

थ्रीडी आर्चरीत, म्हणजे झाडीत मांडलेल्या फोमच्या जनावरांवर बाण मारण्याच्या खेळात, नेम बरोबर असूनही बाण मातीत जातो तो बहुतेक वेळा अंतर चुकल्यामुळे. त्यावर इलाज म्हणून लेझर रेंजफाइंडर घेतला जातो. मुठीत मावणारं यंत्र, सहा पट मोठं दाखवणारं भिंग, बटण दाबलं की आकडा. इंदुरात बसून घ्यायचा तर तीन जाती समोर येतात: गोल्फचे, सर्वे आणि वनखात्याच्या कामाचे, आणि खास धनुष्यासाठी बनवलेले. ही तिसरी जात बहुधा बाहेरूनच मागवावी लागते. नाकासमोरचं अंतर तिन्ही यंत्रं चांगलंच मोजतात. फरक पडतो तो उताराचा हिशेब आणि आडव्या येणाऱ्या गवताचं काय करतात यात. तो न बघता सगळ्यात स्वस्त म्हणून गोल्फचा उचलला तर पैसे वाया जातात.

आधी अंतराचं एवढं महत्त्व का, ते आकड्यांत. कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्यातून ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८२ मीटर वेगाने सुटतो असं धरू. २० मीटरची पिन, म्हणजे धनुष्यावरच्या साइटमधला त्या अंतराचा नेमाचा ठिपका, लावली आणि हरीण प्रत्यक्षात २३ मीटरवर निघालं, तर बाण ५ सेंटिमीटर खाली लागतो. चालून जातं. तीच तीन मीटरची चूक ४० वर केली तर ९ सेंटिमीटर, ५० वर साडेअकरा. हवेचा अडथळा यात धरलेलाच नाही, धरला तर आणखी खाली. हरणाच्या छातीतला काळीज-फुप्फुसांचा भाग ढोबळमानाने २० ते २५ सेंटिमीटर रुंद असतो. मधोमध नेम धरला तर वर आणि खाली प्रत्येकी हातात उरतात दहा-बारा सेंटिमीटर. म्हणजे ५० मीटरवर तीन मीटरच्या चुकीतच सगळी सूट संपली. हात थरथरला, रिलीज, म्हणजे दोरी सोडायचा चाप, जरा झटक्याने सुटला, वारा आला, यासाठी शिल्लक काहीच नाही. आणि उघड्या डोळ्याने ५० मीटर ओळखताना पाच मीटर चुकणं अगदी सहज होतं. पाच मीटर चुकलं की २० सेंटिमीटर गेले.

आता गोल्फच्या यंत्राची पहिली अडचण. त्यातला स्लोप मोड, म्हणजे चढ-उताराचा हिशेब, चेंडूसाठी असतो. चढावर चेंडू जास्त जोरात मारावा लागतो, म्हणून यंत्र चढावर अंतर वाढवून सांगतं. बाणाचं उलट आहे. चढ असो की उतार, बाणाला आडवं अंतर लागू होतं, तिरकं नाही, त्यामुळे आकडा दोन्हीकडे कमीच व्हायला हवा. तिरकं अंतर ४० मीटर आणि चढ ३० अंशांचा असेल तर बाणासाठी अंतर ३४.६ मीटर. गोल्फचं यंत्र तिथे ४० च्या वरचा आकडा दाखवणार आणि बाण हरणाच्या पाठीवरून निघून जाणार. स्लोप बंद करता येत असेल तर बंदच ठेवावा आणि हिशेब डोक्यात करावा: १० अंशांना काही करायला नको, २० अंशांना शंभरातले सहा कमी, ३० अंशांना साडेतेरा कमी. सपाट मैदानात याची गरजच पडत नाही. माळव्यातल्या टेकड्यांच्या उतारावर टार्गेटं मांडली की पडते.

सर्वेच्या यंत्रात आडवं अंतर असा वेगळा आकडा मिळतो. तो नेमका धनुर्धराला हवा तोच आहे. फक्त पडद्यावर तिरकं अंतर, आडवं अंतर, उंची आणि कोन असे तीन-चार आकडे आळीपाळीने येतात. पिन लावण्याच्या घाईत चुकून तिरकं वाचलं जातं. सेटिंगमध्ये जाऊन एकच आकडा कायम ठेवता येत असेल तर पहिल्याच दिवशी ठेवून टाकावा.

दुसरी अडचण गवताची, आणि ती जास्त घातक आहे, कारण चूक झाल्याचं कळतच नाही. पावसाळ्यानंतर इकडे कुसळी गवत कमरेपर्यंत येतं. भिंगातून पाहिलं तर ४१ मीटरवरचं फोमचं चितळ स्वच्छ दिसतं, पांढरे ठिपकेसुद्धा मोजता येतात. मधल्या चौकोनात, जवळ असल्यामुळे पुसट, एक कुसळ हलत असतं. बटण दाबलं, २३. पुन्हा दाबलं, ४१. पुन्हा, २३. लेझरचा झोत सुईसारखा बारीक नसतो, जसा पुढे जाईल तसा पसरतो. काही प्रकाश कुसळावरून परततो, काही चितळावरून. गोल्फच्या यंत्राला मागची झाडी सोडून पुढचं झेंड्याचं निशाण धरायला शिकवलेलं असतं, म्हणून ते हट्टाने जवळचा आकडा देतं. २३ वर विसंबून पिन लावली तर ४१ वर बाण अर्ध्या मीटरहून जास्त खाली जातो, थेट पायांत किंवा जमिनीत. सर्वेच्या आणि धनुष्याच्या बऱ्याच यंत्रांत लांबची वस्तू निवडण्याची सोय असते. गवतात, बारीक फांद्यांत ती चालूच ठेवावी. ती नसेल तर चितळाऐवजी त्याच्या शेजारचं जाड खोड मोजावं. तीनदा बटण दाबून तीनही आकडे एका मीटरच्या आत आले तरच भरवसा ठेवावा. डिसेंबरच्या पहाटे धुक्यातही असेच भलते आकडे येतात, तेव्हा यंत्र खिशात ठेवलेलं बरं.

बारीकसारीक पण बाण खाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे यार्ड. बरीच यंत्रं डब्यातून यार्डावर लावलेली येतात. ५० यार्ड म्हणजे ४५.७ मीटर. ५० मीटर समजून पिन लावली तर बाण १४ सेंटिमीटर वर लागतो. बॅटरी बदलल्यावर काही यंत्रं पुन्हा यार्डावर जातात, म्हणून आकड्याशेजारचं अक्षर दर वेळी बघण्याची सवय लावावी. बॅटरी बहुधा सीआर-२ असते. कोपऱ्यावरच्या दुकानात ती मिळत नाही, कॅमेऱ्याचं सामान ठेवणाऱ्याकडे विचारावी लागते, म्हणून एक जादा जवळ हवीच. आकडे लाल प्रकाशात दिसणारा पडदा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यावेत. काळे आकडे संध्याकाळी झाडाच्या सावलीत बुडून जातात.

इथवर यंत्राबद्दल. आता ते जे सांगत नाही त्याबद्दल, कारण अंतर ५२ आलं आणि पिनही ५२ ची आहे म्हणून बाण सोडून देणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे हरणाची शिकार वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने बंद आहे. समोर असतो तो फोम, चुकला तर गुण गेले आणि फार तर बाण मोडला. अमेरिकेत परवाना आणि हंगाम पाळून धनुष्याने हरणाची शिकार होते आणि तिथे हाच प्रश्न खरा असतो. ५० मीटर जायला बाणाला ०.६ सेकंद लागतात. दोरीचा आवाज तिथे ०.१५ सेकंदात पोचतो. उरलेल्या ०.४५ सेकंदात सावध हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली बसतं. वस्तू नुसती सोडून दिली तरी ०.२ सेकंदात २० सेंटिमीटर खाली येते, त्यामुळे छातीवर धरलेला बाण पाठीच्या वरच्या मांसात लागतो. हरीण बसलं नाही पण रमतगमत एक पाऊल चाललं, सेकंदाला एक मीटर या वेगाने, तर ते ६० सेंटिमीटर पुढे जातं आणि फुप्फुसांवर धरलेला बाण पोटात शिरतो. पोटात बाण लागलेलं जनावर लगेच मरत नाही, तासन्‌तास तडफडतं आणि बहुतेकदा सापडतही नाही. म्हणून चालणाऱ्या, कान टवकारलेल्या किंवा मान वर करून बघणाऱ्या हरणावर लांबून बाण सोडूच नये, मग यंत्राने आकडा कितीही अचूक दिलेला असो. अनुभवी शिकारी हरीण येण्याआधीच आसपासची झाडं, दगड मोजून ठेवतात, म्हणजे ऐनवेळी यंत्र हातात घेऊन हालचाल करावी लागत नाही.

स्वतःची मर्यादा यंत्रातून निघत नाही, प्लेटवरून निघते. २० सेंटिमीटरची कागदी प्लेट लावा. दहा वेगवेगळ्या दिवशी मैदानावर आल्या आल्या, हात मोकळा न करता, एकच बाण मारा. दहाही बाण प्लेटमध्ये बसले तर ते अंतर तुमचं. नऊ बसले तर प्लेटच्या पाच मीटर जवळ या. सरावाच्या शेवटच्या फेरीत ६० वर जमतं ते इथे धरायचं नाही. रानात पहिला बाण हाच खरा असतो, तिथे हात गरम करायला कुणी देत नाही.

आंतरराष्ट्रीय थ्रीडी स्पर्धेत कंपाउंडसाठी लाल खुंटीवरून (खुंटी म्हणजे बाण मारायला उभं राहण्याच्या जागेची खूण) जास्तीत जास्त ४५ मीटर अंतर असतं, लाँगबोसारख्या साध्या धनुष्यांच्या प्रकारांना निळ्या खुंटीवरून ३०. अंतर लिहिलेलं नसतं आणि रेंजफाइंडर चालत नाही. गुण ११, १०, ८ आणि ५. तेव्हा स्पर्धा खेळणाऱ्यासाठी या यंत्राचा खरा उपयोग डोळा तयार करण्याचा आहे. इंदुरातल्या पिपलियापाला पार्कात किंवा नेहरू पार्कात फिरताना एखादं झाड निवडायचं, आधी अंदाज वहीत लिहायचा, मग मोजायचं. रोज वीस झाडं केली तर महिनाभरात स्वतःचा कल कळतो. मोकळ्या मैदानात, सखल भागापलीकडे अंतर कमी वाटतं, दाट सावलीत जास्त वाटतं. होळकरांच्या शिकारखान्याची टेकडी असलेल्या रालामंडलला १९८९ पासून अभयारण्य आहे. तिथे चितळं दिसतात, त्यामुळे जिवंत हरीण ३० आणि ४० मीटरवर डोळ्याला केवढं दिसतं हे शिकायला इंदुरात याहून चांगली जागा नाही. यंत्र मात्र शेजारच्या झाडावर धरावं, जनावरावर नाही. ते डोळ्याला सुरक्षित वर्गातलं असलं तरी.

विकत घ्यायचाच तर सर्वेचा घ्यावा, आडव्या अंतराचा आणि लांबची वस्तू निवडता येणारा. धनुष्याचा खास मिळाला तर तोही उत्तम, पण दुरुस्तीसाठी कुठे पाठवायचा ते आधी विचारून. गोल्फचा फक्त सपाट, गवत कापलेल्या मैदानावर खेळणाऱ्याला पुरतो. कमाल पल्ला ६०० असो की १५००, धनुर्धराला फरक पडत नाही. कमीत कमी किती अंतर मोजतो ते विचारा, काही यंत्रं दहा मीटरच्या आत मोजतच नाहीत आणि फोमची छोटी जनावरं पाच मीटरवरही मांडतात. पैसे देण्याआधी दुकानाबाहेरच्या गल्लीत ३० मीटरची फीत ताणून टोकाला भिंतीशी धरा, दहा वेळा मोजा. आकडा २९ ते ३१ च्या बाहेर एकदाही गेला तर दुसरा नग मागा.