‘आपलं घर’ शिबिर: नातवाबरोबर सहा शनिवार

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घराजवळच्या एका बालवर्गाने पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘आपलं घर’ नावाचं शिबिर घेतलं. सहा शनिवार, रोज दोन तास, फी 1,800 रुपये. नातवाला नेणं-आणणं माझ्याकडे होतं आणि मागच्या बाकावर बसायची मुभा होती, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहून लिहिते आहे.

गणित, भाषा, परिसर, सगळं घरातल्या माणसांवरूनच शिकवायचं, अशी कल्पना. पहिल्या दिवशी बाटल्यांची झाकणं दिली. माणसागणिक एक झाकण, आणि तीन ओळी: मुलं, मोठी माणसं, आजी-आजोबा. नातवाने पाच झाकणं मांडली: आई, बाबा, आजी, दादा आणि तो. बेननी, म्हणजे वर्गाच्या गुजराती बाईंनी, त्याच्या तोंडून ‘दादा’ ऐकलं आणि ते झाकण उचलून आजी-आजोबांच्या ओळीत ठेवलं. नातू म्हणाला, "बेन, दादा चौथीत आहे."

गुजरातीत दादा म्हणजे वडिलांचे वडील, आपल्यात थोरला भाऊ. आमच्याकडे आजोबा आता नाहीत, त्यामुळे ते झाकण त्या ओळीत पाहून मला क्षणभर गलबलून आलं. पण बेननी चूक लगेच मान्य केली आणि पुढच्या शनिवारचा भाषेचा तास त्यावरच घेतला. फळ्यावर जोड्या लिहिल्या: आत्या–फोई, मावशी–मासी, आजोबा–दादा आणि नाना. गुजरातीत दादी वेगळी, नानी वेगळी, मराठीत दोघीही आजीच, हे मुलांनीच शोधून काढलं. "मग दोन आज्या ओळखायच्या कशा?" असं बेननी विचारलं, तर एक मुलगी चटकन म्हणाली, "एक पुण्याची आजी, एक बडोद्याची आजी." आमची सून माहेरची गुजराती. नातवाला आजीही आहे आणि नानीही, म्हणून त्या दिवशी तो वर्गाचा दुभाषा झाला होता.

मला सगळ्यांत आवडला तो चौथा शनिवार. घरातली एखादी जुनी वस्तू आणायची होती. मी माझ्या आजीच्या वहीतलं लोणच्याच्या कृतीचं पान दिलं. कडेला हळदीचा अंगठा उमटलेला आहे आणि ‘मीठ पाव शेर’ असं तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं. शेर म्हणजे काय, यावरून वजनमापं निघाली, तराजू निघाला. मग मी मुलांना सांगितलं की 1906 मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींसाठीसुद्धा, आणि ही आजी त्यानंतरच्या काही वर्षांत शाळेत जाऊ लागली. नातवाने त्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तिने शाळेत शिकलेलं अक्षर?" इतिहासाचा तास याहून चांगला मी पाहिलेला नाही.

विज्ञानाला एकच तास मिळाला. शाईने अंगठ्याचे ठसे घेऊन भिंगातून पाहिले. जुळ्या भावंडांचे ठसेसुद्धा वेगळे निघाले तेव्हा मुलं हरखून गेली. असे आणखी दोन तास हवे होते.

एका गोष्टीची मात्र तक्रार आहे. वंशवृक्षाचा कागद छापील होता: मम्मी, पप्पा, दादा, दादी, नाना, नानी, सहा ठरावीक चौकटी. वर्गात एक मुलगी मावशीकडे राहते. ती पेन्सिल हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसून होती. मी तास संपल्यावर बोलले, बेननी ऐकलं, तिला कोरा कागद दिला आणि तिने मावशीला झाडाच्या बुंध्याशी काढलं. पण शेवटच्या दिवशी भिंतीवर छापील झाडंच लागली, तिचं लागलं नाही. हे व्हायला नको होतं.

तरी मी हे शिबिर सुचवेन, कारण शनिवारची संध्याकाळ घरात प्रश्नांनी भरलेली असे. पुढचं दिवाळीच्या सुट्टीत आहे. भाचीच्या मुलीचं नाव घालायला मीच जाणार आहे आणि सगळ्यांनाच कोरा कागद द्या, हे फी भरतानाच पुन्हा सांगणार आहे.