पापीतेचा बाजार : बोटीचे कोठार भरण्यासाठी

प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातील तुआमोतूच्या कंकणद्वीपांवर, म्हणजे कड्यासारख्या गोल प्रवाळबेटांवर, प्रवाळाच्या जमिनीत भाजीपाला फारसा पिकत नाही आणि मालवाहू जहाज आले तरच दुकानात कांदे-बटाटे दिसतात. तिथे काही आठवडे काढून शिडाच्या बोटीने ताहितीला आलेल्यांनी सर्वांत आधी तिथल्या राजधानीच्या, पापीतेच्या, मुख्य बाजारात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. मरीना शहराच्या मध्यभागीच असल्यामुळे पिशव्या घेऊन पायी जाता-येता येते.

तळमजल्यावर मासळी, फळे, भाज्या आणि फुले मिळतात, तर वरच्या मजल्यावर पारेओ (अंगाला गुंडाळायची रंगीत कापडे), मोनोई (फुलांचा वास लावलेले नारळाचे) तेल आणि विणलेल्या टोप्या. रविवारी उजाडण्यापूर्वीच बाजार भरतो आणि खरी खरेदी तेव्हाच होते. तारो (अळूचे कंद), नीरफणस, शिजवूनच खायची नारिंगी फेई केळी यांचे ढीग लागलेले असतात. ट्यूनाचे गडद लाल तुकडे समोरच कापून मिळतात. त्यांच्यावर लिंबू पिळून आणि नारळाचे दूध घालून होणारा 'पुआसों क्रू' हा कच्च्या मासळीचा पदार्थ आम्ही बोटीवर परतताच करून खाल्ला. इथे घासाघीस करण्याची पद्धत नाही, पण भाव विचारण्याआधी हसून 'इया ओराना' (नमस्कार) म्हटले की विक्रेत्या बायका आज खायची पपई कोणती आणि दोन दिवसांनी खायची कोणती, हे आपणहून निवडून देतात.

बाजार स्वस्त मात्र नाही. एका युरोला सुमारे ११९ पॅसिफिक फ्रँक (इथले चलन) हा ठरलेला दर मनात धरून हिशेब केला की टोमॅटोची किंमत टोचतेच. पाव, तांदूळ यांसारख्या नियंत्रित दराच्या वस्तू किराणा दुकानातूनच घ्याव्यात. तिथे त्यांच्या किमतीची पट्टी लाल असते. भाजी मात्र तिथून घेऊ नये. एका मोठ्या दुकानातल्या शीतकपाटातून आणलेली आमची कोबी आणि गाजरे बोटीच्या उष्ण पोटात चारच दिवसांत सडली, तर बाजारातली, कधीही थंडाव्यात न ठेवलेली कोबी तीन आठवडे टिकली.

केळ्यांचा घड बोटीवर चढवण्याआधी समुद्राच्या पाण्यात बुडवून झटकावा आणि पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच रिकामी करावीत, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि एकदा ती आत आली की पुढचे कित्येक महिने जात नाहीत.