पिसं झडलेल्या ‘तलंगा’ आणि माझे १२,७०० रुपये

‘गावरान क्रॉस तलंगा (म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या), साडेतीन महिने, लसीकरण पूर्ण’ असे फोटो टाकून विकणाऱ्यांचा धंदा कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. आधी ॲडव्हान्स, मग रात्रीचा टेम्पो, मग बंद फोन. माझ्या वेळी फोन बंद झाला नाही, तेच वाईट झालं. तो मेला शेवटपर्यंत ‘ताई, ताई’ करत राहिला.

२५ नग, ४२० चा भाव, १०,५०० रुपये. टेम्पोचं भाडं ९०० वेगळं. पैसे बचत गटातून उचललेले.

टेम्पोवाल्या पोराने बॅटरी लावू दिली नाही. उजेडात बिथरतात म्हणे. ते खरंच आहे, आम्हीही कोंबडी रात्रीच धरतो. पण क्रेट उचलला तर तळाला अंडं! साडेतीन महिन्यांची तलंग अंडं देईल? गावरान कोंबडीला पाच-सहा महिने लागतात, लेअर, म्हणजे फार्मवरची अंड्यांची कोंबडीसुद्धा चार महिन्यांच्या आत सहसा अंड्यावर येत नाही. सासूबाईंच्या हाताखाली शिकलेली बाई मी, हे मला माहीत नाही होय? पोरगा म्हणाला, “वरच्या क्रेटमध्ये दुसऱ्याच्या मोठ्या कोंबड्या होत्या, त्यातलं पडलं असेल. ठेवा तुम्हाला.” टेम्पोत आणखी क्रेट होतेही. तुम्ही असता तर काय केलं असतं? अंडं फ्रीजमध्ये ठेवलं. आठवलं की अजून जीव जळतो.

सकाळी बघते तर माना उघड्या, पाठी लाल, पंखांच्या नुसत्या काड्या. फोन केला. “ताई, या वयात पिसं बदलतातच.” बदलतात, खरंय. वाढत्या पिल्लाची पिसं टप्प्याटप्प्याने बदलतात. पण जुनं गळतं तिथे नवीन पिसाचा कोंब दिसतो, कोंबडी अशी सोलून काढल्यासारखी होत नाही. वर त्याने पावडर पाठवली, ६५० ची दोन पाकिटं, १,३०० रुपये. वासावरून हळद आणि खडू.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक कोंबडी उलटी धरली आणि हसले. चोच कापलेली, बुडाजवळच्या हाडांत तीन बोटं जागा, म्हणजे अंड्यावर आलेली. पिंजऱ्यातल्या लेअर, दीड वर्षाच्या, फार्मने काढून टाकलेल्या. माना पिंजऱ्याच्या तारेला घासून उघड्या. आमच्या दारात चोच कापलेली कोंबडी कधी आलीच नव्हती, ओळखणार कशी?

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “कोंबड्या मिळाल्या ना? मग फसवणूक कसली?” म्हाताऱ्या आहेत म्हटलं, तर “जन्मदाखला आहे का त्यांचा?” सगळं ठाणं हसलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? ते बहुतेक कोंबड्यांना लागू नसावं. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन केला, तर माल हातात मिळालाय म्हणून पोलिसांकडे जा. पंचायत समितीत गेले, तर ‘आमच्या योजनेतल्या नाहीत’. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे अगदी कौतुकाने सांगितलं, पण बिल आणि विकणाऱ्याचा पत्ता आणा. पत्ता असता तर मी आयोगात कशाला गेले असते, त्याच्या दारातच नसते गेले?

रात्री माल उतरवून घेऊ नका. चोचीचं टोक बघा. बिल नाही तर पैसे नाहीत. आणि खरोखरच्या तलंगांची पिसं गेली तर पावडरी विकत घेत बसू नका. रात्री बुडाजवळची पिसं फिस्कटून ऊ-लिखा बघा, खुराड्यात गर्दी असेल तर एकमेकींची पिसं उपटतात, नुसत्या मक्यावर ठेवल्या तरी झडतात, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनंच. सरकारी जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हा नंबर लावा.

आठ मेल्या. सतरा खाटकाला दिल्या, ११० प्रमाणे १,८७० आले. गेले १०,८३०. गटाचा हप्ता चालूच आहे.

त्याचे तेच फोटो आता दुसऱ्या नावाने फिरताहेत, भाव ४८०. फोटोत मागे निळी ताडपत्री आणि फुटकं पिंप दिसलं की फोन ठेवा.